व्हर्च्युअल क्लस्टरची सुरुवात कुठून करायची? (चिपळूणचा पाऊस, डब्ल्यूआरएफ आणि जेटस्ट्रीम२)

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, आज थेट मदत मागायलाच धागा काढतेय. आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात, मी सिव्हिलला हायड्रॉलॉजी शिकवते. २२ जुलै २०२१ ला पुरात चिपळूणचं काय झालं ते इथे कुणाला नव्याने सांगायला नको. त्या पावसाचं मॉडेलिंग करायचंय, डब्ल्यूआरएफ (हवामानाचं संगणकीय मॉडेल) वापरून, सोबत एमटेकची दोन मुलं आहेत. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर एक रन लावला की दिवस जातो आणि मधेच लाईट गेली की सगळं मुसळ केरात.

माझी एक जुनी वर्गमैत्रीण अमेरिकेत एका विद्यापीठात शिकवते. तिच्या नावावर ॲक्सेसचं (संशोधकांना कॉम्प्युटर वापरू देणारा तिकडचा कार्यक्रम) अलोकेशन, म्हणजे वापरासाठीच्या क्रेडिटचा वाटा आहे, तिने मला प्रोजेक्टमध्ये घेतलंय आणि जेटस्ट्रीम२ या क्लाउडवर माझं लॉगिन चालू झालंय. ती म्हणाली, अगं सरळ व्हर्च्युअल क्लस्टर बनव, दहा नोड टाक आणि लाव रन. तिला "दहा नोड टाक" म्हणायला काय जातंय. मी लिनक्स वापरते, एसएसएच येतं, बॅश स्क्रिप्ट जेमतेम. स्लर्म (जॉबची रांग लावणारं सॉफ्टवेअर) नुसता ऐकलाय. तर सुरुवात कुठून करू? आधी काय शिकू? आणि क्रेडिट उडवून बसले तर मैत्रिणीला काय तोंड दाखवू ही भीती आहेच.

सड्यावरचा
ताई, मी मूळचा राजापूरचा, सध्या पुण्यात सर्व्हर सांभाळायचीच नोकरी करतो त्यामुळे हा विषय आपला घरचा. आधी चित्र डोक्यात पक्कं करा मग बटणं दाबा.

जेटस्ट्रीम२ म्हणजे इंडियाना विद्यापीठाने चालवलेला क्लाउड, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर, २०२२ पासून चालू, आतून ओपनस्टॅक, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं बनवणारं सॉफ्टवेअर. नेहमीच्या सुपरकॉम्प्युटरवर काय होतं, क्लस्टर त्यांनी बांधलेला असतो, आपण रांगेत उभं राहायचं, त्यांनी दिलेलं सॉफ्टवेअर वापरायचं. इथे रिकामी व्हर्च्युअल मशिनं मिळतात आणि त्यातून आपला क्लस्टर आपणच उभा करायचा. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) आपण, रांग आपली, आणि बिघडलं की निस्तरणारे पण आपणच, हे शेवटचं कुणी आधी सांगत नाही.

व्हर्च्युअल क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेली मशिनं (एकेक मशिन म्हणजे नोड), एक हेडनोड कायमचा आणि बाकीचे कंप्युट नोड लागतील तसे. हेडनोड म्हणजे बोटीवरचा तांडेल, खलाशी हंगाम आला की भरायचे आणि संपला की घरी पाठवायचे. तुम्ही जॉब टाकला की हेडनोडवरचा स्लर्म ओपनस्टॅकला सांगतो मला एक मशिन दे, ते मशिन उभं राहतं, जॉब चालतो, संपला आणि ठरावीक वेळ नवीन काही आलं नाही की स्लर्म ते मशिन उडवून टाकतो. म्हणजे "दहा नोड टाक" याचा अर्थ दहा मशिनं कायम चालू ठेव असा नाही, दहापर्यंत जायची परवानगी असा आहे.

आता बनवायचं कसं. एक्सोस्फिअर नावाचा त्यांचा वेब इंटरफेस आहे त्यातून नवीन इन्स्टन्स करताना ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये खाली "या इन्स्टन्सला हेडनोड धरून स्लर्म क्लस्टर बनव" अशा अर्थाचा पर्याय असतो. इमेज रॉकी लिनक्सची घ्या, तो पर्याय तिच्यासाठीच आहे. तो निवडून तयार करा दाबलं की चहा प्या, जेवण करा, वेळ लागतो, मधेमधे रिफ्रेश मारून काही होत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी सांगा, तुम्हाला क्लस्टर पायजेच कशाला? डोमेन केवढं आहे?

वाशिष्ठीकाठ
तांडेल पटला 🙂 डोमेन दोन, बाहेरचं ९ किमी आणि आतलं ३ किमी, दोन्ही साधारण १५० बाय १५०. आतल्यात दापोलीपासून राजापूरपर्यंत किनारा आणि पलीकडे कोयना, महाबळेश्वर, सातारा येतं. इनपुटला ईआरए५, म्हणजे होऊन गेलेल्या हवामानाचा जागतिक डेटा.

घाटमाथा
मी हवामानवाला, म्हणून मधे तोंड घालतो. डोमेन ठीक आहे आणि ३ किमीचा हट्ट पण बरोबर आहे. ईआरए५ चा ग्रिड ३१ किमीचा. आपल्याकडे किनाऱ्यापासून घाटमाथा सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किमी, म्हणजे अख्खं तळकोकण, वर सह्याद्रीची भिंत, सगळं मिळून त्यात दोन चौकोन. सह्याद्री त्याला उताराचा सडा वाटतो. महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासात ५९४ मिमी पाऊस झाला तो असल्या ग्रिडमध्ये दिसणारच नाही, ढग वर चढायला डोंगर तर पायजे ना.

आता क्लस्टरचं. डब्ल्यूआरएफवाल्यांचा एक अंदाज आहे, जास्तीत जास्त किती कोअर (गणित करणारे प्रोसेसरचे भाग) लावायचे तर दोन्ही बाजूंच्या ग्रिड पॉइंटना २५ ने भागायचं आणि गुणायचं. १५० भागिले २५ म्हणजे ६, सहा साहे छत्तीस. त्याच्यापुढे कोअर वाढवले तर प्रत्येकाच्या वाट्याला एवढासा तुकडा येतो की गणित कमी आणि शेजाऱ्याशी निरोपानिरोपी जास्त. म्हणजे ताई तुमचा एक रन ३२ कोअरच्या एकाच मशिनवर आरामात बसतो. जेटस्ट्रीम२ वर एम३.एक्सएल म्हणून जो साईज आहे तो ३२ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल कोअर) आणि १२५ जीबी मेमरीचा. एक रन दहा नोडवर पसरवायची काही म्हणजे काही गरज नाही.

सड्यावरचा
हेच म्हणायचं होतं, घाटमाथा यांनी हिशोबासकट सांगितलं. क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशिनांमधलं नेटवर्क हे सुपरकॉम्प्युटरच्या इन्फिनिबँड नावाच्या खास नेटवर्कसारखं नसतं, एकच एमपीआय जॉब (अनेक कोअर एकमेकांशी बोलत करतात तो) चार-पाच नोडवर पसरला की नोड एकमेकांची वाट बघण्यात वेळ घालवतात आणि तुमचे क्रेडिट मात्र सगळ्यांचे जातात. एका मशिनमध्ये मावत असेल तर एका मशिनमध्येच चालवा.

वाशिष्ठीकाठ
म्हणजे क्लस्टरच नको? मग मैत्रीण एवढं का म्हणत होती?

घाटमाथा
क्लस्टर पायजे, पण वेगळ्या कारणासाठी. तुम्ही एकच रन थोडीच करणार आहात. मायक्रोफिजिक्स (ढगात पाऊस कसा बनतो त्याचं गणित) बदलून बघाल, डब्ल्यूएसएम६, थॉम्पसन, मॉरिसन, मग पीबीएल (जमिनीलगतच्या हवेच्या थराची) स्कीम बदलाल, मग सुरुवातीची वेळ १२ तास मागे घेऊन बघाल. तीन मायक्रोफिजिक्स, दोन पीबीएल, दोन सुरुवाती, झाले बारा रन. हे बारा एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येक आपापल्या नोडवर. व्हर्च्युअल क्लस्टर यासाठी एक नंबर, कारण इथे नेटवर्कचा प्रश्नच येत नाही. स्लर्ममध्ये जॉब ॲरे म्हणून सोय आहे, एकच स्क्रिप्ट, त्यात ॲरे १ ते १२ असं लिहायचं, प्रत्येकाला आपला नंबर मिळतो, त्या नंबरवरून आपापल्या फोल्डरमधली नेमलिस्ट (डब्ल्यूआरएफच्या सेटिंगची फाईल) उचलायची.

ओटीवरून
वाचतोय. एक शंका, रागावू नका. आपल्याकडे नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशन २०१५ पासून आहे, साडेचार हजार कोटींचं, सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० करून दाखवला तोही पुण्यात, आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, खोडदला जीएमआरटी दुर्बिणीकडे परम रुद्र बसवलाय, पावसासाठीच म्हणाल तर आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संस्थेकडे प्रत्यूष आणि आता अर्का. हे सगळं चिपळूणहून एका एसटीच्या अंतरावर असताना चिपळूणचा पाऊस मोजायला अमेरिका कशाला?

घाटमाथा
काका, रागावण्यासारखं काही नाही, प्रश्न रास्त आहे. प्रत्यूष आणि अर्का पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कामाचे, त्यांच्यावर रोजचे अंदाज आणि संशोधन चालतं, बाहेरच्या कॉलेजला सहज हात लागत नाही. परम ब्रह्म वगैरेंचं तसं नाही, रीतसर अर्ज करता येतो आणि ताईंनी तोही करावाच, मोठा रन करायचा असेल तर तेच बरं, तिथे नेटवर्क तगडं आहे. पण ती बांधलेली मशिनं, तिथे आपण रूट नसतो. मुलांना क्लस्टर आतून कसा असतो हे शिकवायचं असेल, मोडायचं आणि परत उभा करायचा असेल, तर क्लाउडच लागतो. आणि ताईंच्या हातात आज जे आहे ते जेटस्ट्रीम२ आहे.

तिसरी_पाळी
मी देवगडची, सध्या अमेरिकेत पीएचडी करतेय, जेटस्ट्रीम२ रोज वापरते. अलोकेशनबद्दल थोडं, कारण इतर कुणी वाचत असेल तर गैरसमज नको. ॲक्सेस हा कार्यक्रम सप्टेंबर २०२२ ला एक्ससीड या आधीच्या कार्यक्रमाच्या जागी आला. अलोकेशन मागणारा मुख्य माणूस अमेरिकेतल्या संस्थेतला लागतो, भारतातून थेट अर्ज नाही करता येत, पण तो आपल्या प्रोजेक्टमध्ये बाहेरच्या सहकाऱ्यांना घेऊ शकतो, जसं ताईंना घेतलं. सगळ्यात छोटा प्रकार एक्सप्लोर, त्यात ४ लाखांपर्यंत क्रेडिट, अर्ज अगदी छोटा असतो. ते क्रेडिट देऊन जेटस्ट्रीम२ चे तास घ्यायचे.

ताई, आता क्रेडिटची भीती. हिशोब सोपा आहे, साध्या मशिनला एक व्हीसीपीयू एक तास म्हणजे एक एसयू (सर्व्हिस युनिट). तुमचा एम३.एक्सएल एक तास चालला की ३२ गेले. एक रन समजा दहा तास चालला तर ३२०, बारा रनचे ३,८४०. काहीच नाही हो! लोकांचे क्रेडिट रनमध्ये नाही जात, विसरलेल्या मशिनांमध्ये जातात. दोन व्हीसीपीयूचा हेडनोड महिनाभर नुसता चालू ठेवला तरी १,४४० जातात, आणि एम३.एक्सएल महिनाभर विसरलात तर २३,०४०.

आणि हे नीट वाचा: मशिन बंद केलं म्हणजे पैसे थांबले असं नाही. स्टॉप केलेलं मशिन अर्ध्या दराने खातं, सस्पेंड केलेलं पाऊण दराने. फक्त शेल्व्ह केलं (मशिन साठवून ठेवून जागा मोकळी केली) तरच शून्य. आतून शटडाऊन मारून "झालं बंद" म्हणून झोपायला जाणारे आमच्या डिपार्टमेंटमध्ये चिक्कार.

सड्यावरचा
+१. आणि हेडनोड शेल्व्ह करण्याआधी एसइन्फो (नोडची स्थिती दाखवणारी स्लर्मची कमांड) मारून बघा कंप्युट नोड कुणी जिवंत आहे का. कंप्युट नोडला उडवायचं काम हेडनोडच करतो, तोच झोपला तर वरचे तसेच चालू राहतात आणि त्यांना विचारणारं कुणी नसतं. एसइन्फोमध्ये नोडच्या स्टेटसपुढे ~ असं चिन्ह असेल तर तो नोड सध्या नाहीच, गरज लागली की जन्माला येईल. # असेल तर उभा राहतोय. * असेल तर हाकेला ओ देत नाहीये. नवीन माणूस आयडल (रिकामा) वाचून समजतो नोड तयार आहे, त्या ~ कडे लक्षच जात नाही.

मालवणी_बांगडो
ह्या सगळा वाचून माका घाम फुटलो. पन माका एक सांगा, तुमी हयसून जॉब लावतल्यात आणि आमच्याकडे लाईट गेली, नेट गेला, मगे त्या जॉबाचा काय होतला? आमच्या मालवणात मे संपलो की लायटीचो भरवसो नाय.

तिसरी_पाळी
काय एक होणा नाय, चालत ऱ्हवतलो 😀 हाच तर फायदा. एसबॅच कमांडने जॉब टाकला की तो स्लर्मच्या ताब्यात, तुमचा लॅपटॉप बंद झाला, चोरीला गेला तरी तिकडे फरक पडत नाही. जे काम एसबॅचने न टाकता हाताने करताय, म्हणजे कंपाइल वगैरे, ते टीमक्समध्ये (नेट तुटलं तरी चालू राहणारी टर्मिनलची खिडकी) करा. नेट आलं की परत लॉगिन करून त्याच खिडकीत शिरायचं, काम होतं तिथेच. पावसाळ्यात टीमक्सशिवाय काहीही करू नका.

मालवणी_बांगडो
तां बरां झाला. मगे बांगडो खंय गावतलो तां पन सांगतला काय ह्यो क्लस्टर?

घाटमाथा
त्यासाठी हैदराबादचं इन्कॉइस आहे की, मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याची सूचना तेच काढतात, उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि क्लोरोफिल बघून. क्लस्टरला सध्या पाऊस पडू दे.

लॅब_नंबर_३
मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. मॅडम, अमेरिकेच्या क्लस्टरवर पाय ठेवायच्या आधी मुलांकडून लॅबमध्ये एक खेळण्यातला करून घ्या असं माझं मत. एका बऱ्यापैकी पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन मशिनं, एक हेड दोन कंप्युट, ओपनएचपीसीच्या साईटवर पायरीपायरीने कृती दिलेली असते. आमच्या मुलांनी केलं. एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची सोय) होम शेअर करणं, सगळ्या नोडवर मंजची (नोडची ओळख पटवणारं सॉफ्टवेअर) किल्ली तीच असणं, हे एकदा हाताने केलं की क्लाउडवर गडबड झाली तर कुठे बघायचं ते कळतं. घड्याळाचं पण. मंजचं तिकीट डिफॉल्टला पाच मिनिटं चालतं, दोन नोडच्या घड्याळात त्याच्यापेक्षा जास्त फरक पडला की नोड एकमेकांना ओळख दाखवत नाहीत आणि एरर असा येतो की वाचून काही बोध होत नाही.

सड्यावरचा
मी याच्याशी अर्धा सहमत. शिकायला उत्तम, पण मॅडमना पेपर करायचाय आणि मुलांना एमटेक संपवायचंय, एक्सोस्फिअरवाला क्लस्टर मंज, एनएफएस, स्लर्म सगळं जोडून देतो. एका मुलाला लॅबवाला करू दे, दुसऱ्याला डब्ल्यूआरएफ कंपाइल करायला बसवा. दोघे महिनाभर व्हर्च्युअलबॉक्सच करत बसले तर पाऊस राहील बाजूला.

वाशिष्ठीकाठ
बरं मंडळी, अपडेट. क्लस्टर उभा राहिला! हेडनोडवर लॉगिन झालं, होस्टनेम छापणारा एक फुसका जॉब टाकला, बराच वेळ एसक्यूमध्ये (जॉबची यादी) सीएफ, सीएफ (नोड तयार होतोय) दाखवत बसला, मग कंप्युट नोड उगवला आणि नाव छापून गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता अडचण. डब्ल्यूपीएसचा (डब्ल्यूआरएफचं इनपुट तयार करणारा भाग) जिऑग, म्हणजे भूगोलाचा डेटा उतरवायला घेतला आणि डिस्क भरली. आणि दुसरी, एका मुलाने कंप्युट नोडवर शिरून नेटसीडीएफ (डब्ल्यूआरएफच्या फाईली लिहायला लागणारी लायब्ररी) इन्स्टॉल केलं, चाललं पण, आज सकाळी बघतो तर गायब.

सड्यावरचा
दोन्ही अगदी हमखास होणाऱ्या गोष्टी.

डिस्कचं: छोट्या साईजच्या मशिनला रूट डिस्क २० जीबीच असते, आणि पूर्ण रिझोल्युशनचा जिऑग डेटा उघडल्यावर २९ जीबीच्या घरात जातो, म्हणजे मावणारच नव्हता. वेगळा व्हॉल्यूम तयार करा, समजा ५०० जीबी, हेडनोडला जोडा, आणि तो एनएफएसने कंप्युट नोडना दाखवा. जिऑग, ईआरए५, आउटपुट, सगळं त्या व्हॉल्यूमवर. हेडनोडचा कधी बट्ट्याबोळ झालाच तर व्हॉल्यूम काढून नव्या हेडनोडला लावता येतो, डेटा शाबूत.

गायब झालेलं नेटसीडीएफ: कंप्युट नोड म्हणजे दरवेळी साच्यातून नवा काढलेला, त्याच्यावर हाताने काही टाकलं ते त्याच्याबरोबर गेलं. सॉफ्टवेअर टाकायच्या दोनच जागा. एक, शेअर केलेली जागा, म्हणजे होम किंवा तुमचा व्हॉल्यूम, तिथे कंपाइल करून ठेवलं की सगळ्या नोडना दिसतं. दोन, कंप्युट नोडच्या इमेजमध्येच टाकणं, म्हणजे साचाच बदलणं. डब्ल्यूआरएफ, नेटसीडीएफ वगैरे पहिल्या जागी, सिस्टिमची एखादी लायब्ररी लागली तरच दुसरी. स्पॅक (सॉफ्टवेअर कंपाइल करून देणारं साधन) वापरलंत तर नेटसीडीएफची सी आणि फोरट्रान ही जोडी जुळवायची कटकट वाचेल, पहिल्यांदा सगळं कंपाइल व्हायला वेळ मात्र भरपूर घेतं.

आणि मुलगा कंप्युट नोडवर रूट म्हणून शिरला कसा? सगळ्यांना सुडो (रूटचे अधिकार) देऊन ठेवलंय का? हेडनोडवर ओपनस्टॅकची किल्लीची फाईल असते, तिच्याशिवाय स्लर्म मशिनं बनवूच शकत नाही. ज्याला ती वाचता आली त्याला तुमच्या मैत्रिणीच्या अलोकेशनवर हवी तेवढी मशिनं काढता येतात. मुलं गुणी असतील, पण हीच फाईल कधीतरी कुणीतरी आख्ख्या फोल्डरबरोबर गिटहबवर ढकलतो. मुलांना साधे युजर करून द्या, एसएसएच की वरून लॉगिन, पासवर्ड लॉगिन बंद.

वाशिष्ठीकाठ
सुडो काढलं. मुलं जरा फुगली आहेत, चालायचंच. व्हॉल्यूम पण लावला. ईआरए५ मी घरून उतरवून वर चढवू का?

तिसरी_पाळी
नको नको नको! हेडनोडवरूनच थेट कोपर्निकसच्या (ईआरए५ देणारी युरोपची सेवा) सर्व्हरवरून उतरवा, त्यांचं फुकट अकाउंट काढून पायथनची छोटी स्क्रिप्ट लावायची. रिक्वेस्ट त्यांच्या रांगेत पडून राहते, टीमक्समध्ये सोडून द्या. प्रेशर लेव्हलचा आणि सिंगल लेव्हलचा असे दोन्ही लागतात हे लक्षात असू द्या, एकच उतरवून मेटग्रिडशी (डब्ल्यूपीएसमधला प्रोग्राम) भांडणारे खूप. आउटपुट पण खाली आणू नका, तिकडेच पायथनने नकाशे काढा आणि फक्त पीएनजी आणा, नाहीतर गावच्या इंटरनेटवर एक डब्ल्यूआरएफआउट उतरेपर्यंत गणपती येतील.

वाशिष्ठीकाठ
चार दिवस इकडे फिरकता आलं नाही, परीक्षा होत्या. आता नवीन दुखणं. कंप्युट नोडचा साईज बदलून ३२ कोअरचा केला, जॉब टाकला, नोड उभा राहतो असं वाटतं आणि मग डाउन. हाताने रिझ्यूम केला तर ड्रेन होतो (नवे जॉब घेत नाही), कारणात लो रिअल मेमरी लिहिलंय. १२५ जीबीचं मशिन आहे हो, लो कुठून?

सड्यावरचा
दोन वेगळे रोग आहेत. डाउन होणं म्हणजे मशिन उभं राहायला स्लर्मने दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला, कॉन्फिगमध्ये रिझ्यूम टाइमआउट म्हणून आहे तो वाढवा. लो रिअल मेमरी म्हणजे कॉन्फिगमध्ये तुम्ही मेमरी जेवढी लिहिलीय त्यापेक्षा मशिन कमी सांगतंय. १२५ जीबी म्हणून तुम्ही १२५ गुणिले १०२४ असा आकडा लिहिला असणार, पण कर्नल स्वतःसाठी थोडी ठेवून घेतो. नोडवर जाऊन स्लर्मडी उणे सी मारा, तो स्वतःचा खरा आकडा छापतो, त्याच्यापेक्षा थोडा कमीच लिहा. मग एसकंट्रोलने नोड परत रिझ्यूम करा.

वाशिष्ठीकाठ
अगदी तसंच लिहिलं होतं 😀 आता नोड टिकला. पण डब्ल्यूआरएफ सुरू होताहोताच सेगमेंटेशन फॉल्ट. लॅबच्या पीसीवर हीच नेमलिस्ट चालत होती.

घाटमाथा
जॉब स्क्रिप्टमध्ये एमपीआयरनच्या आधीच्या ओळीत स्टॅकची (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीची) मर्यादा काढून टाका, युलिमिट उणे एस अनलिमिटेड. डब्ल्यूआरएफला स्टॅक फार लागतो. हेडनोडवर टाइप करण्यावर विसंबू नका, स्क्रिप्टमध्येच पायजे.

आणि रन लागण्याआधी हे पण बघा: आउटपुट सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, म्हणजे ०३ यूटीसी ते ०३ यूटीसी. तुम्ही मॉडेलचा पाऊस ०० ते ०० जमवून खात्याच्या आकड्याशी लावलात तर तीन तासांचा पाऊस भलत्याच दिवसात जाईल, आणि २१-२२ च्या रात्री तीन तास म्हणजे काही थोडा पाऊस नाही. आउटपुट दर तासाला काढा म्हणजे हवं तिथे कापता येईल. रीस्टार्ट फाईल पण दर सहा तासांनी लिहायला सांगा, रन मेला तर तिथून पुढे चालवता येतो.

ओटीवरून
हा साडेआठचा मुद्दा फार आवडला. आम्ही वर्षानुवर्षं पेपरात "गेल्या २४ तासांत" वाचत आलो, ते कधीपासून कधीपर्यंत हे विचारलंच नाही. एक विचारतो, पाऊस बरोबर आला म्हणजे पूर पण येईल का मॉडेलमध्ये?

वाशिष्ठीकाठ
नाही काका, डब्ल्यूआरएफ पाऊस देतो, पुढे नदीचं वेगळं मॉडेल. वाशिष्ठीचं गणित त्यात अवघड, कारण कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे तिच्यातच येतं आणि खाली भरतीची वेळ असेल तर खाडी पाणी घेत नाही. पाऊस हा त्यातला एक भाग, पण तोच जर चुकीचा धरला तर पुढचं सगळं हवेत. म्हणून आधी बारा रन.

सेग फॉल्ट गेला बरं का. पहिला रन व्यवस्थित पूर्ण झाला.

लॅब_नंबर_३
अभिनंदन मॅडम. आता एकदम बारा सोडू नका. आधी ॲरे १ ते २ करून बघा, दोन नोड एकदम उगवतात का आणि दोघं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लिहितात का. सगळे एकाच फोल्डरमध्ये लिहायला लागले तर आउटपुटची भेळ.

सड्यावरचा
आणि बारा सोडताना मर्यादा घाला, ॲरेच्या आकड्यापुढे % लावून ४ लिहिलं की एका वेळी चारच चालतात. सगळं आउटपुट एकाच हेडनोडच्या एनएफएसवर जाणार आहे, छोट्या हेडनोडला बारा जण एकदम झोंबले तर तो दमेल. कोटा पण बघून ठेवा, किती कोअर एकावेळी वापरायची परवानगी आहे ते एक्सोस्फिअरमध्येच दिसतं, तेवढ्यावर नोड उगवणार नाहीत आणि जॉब का अडकलाय ते कळणार नाही.

वाशिष्ठीकाठ
काल संध्याकाळी १ ते १२, चार-चारने, असं लावलं. रात्री इकडे धो धो पाऊस, लाईट पहाटेपर्यंत नव्हती. सकाळी मोबाईलचं नेट घेऊन बघितलं तर पाच पूर्ण, चार चालू, दोन रांगेत, आणि सहावा मेला. आरएसएल एररच्या फाईलमध्ये शेवटी सीएफएल सीएफएल लिहिलंय भरभरून. बाकीचे तेवढेच ३ किमीवाले चालले आणि हाच का?

घाटमाथा
सहावा म्हणजे कुठला, मॉरिसनवाला? सीएफएल म्हणजे टाइम स्टेप (एका पावलात मॉडेल किती सेकंद पुढे जातं) वाऱ्याच्या मानाने मोठी पडली. किती ठेवलीय?

वाशिष्ठीकाठ
हो मॉरिसनच. बाहेरच्याला ५४, आतल्याला १८, सेकंद म्हणजे ग्रिडच्या किमीच्या सहापट हा नियम धरून.

घाटमाथा
तो नियम वरची हद्द आहे, घाटाच्या कड्यावर एवढं जोरात वर जाणारं वारं आलं की १८ सेकंदही जास्त होतात. बाहेरची ४५ करा, आतली आपोआप १५ होईल. रीस्टार्ट फाईल आहे ना, पण फक्त याच रनला वेगळी टाइम स्टेप ठेवायची नसेल तर बारा जणांना सारखीच ४५ द्या, नंतर पेपर तपासणारा विचारेलच.

वाशिष्ठीकाठ
म्हणजे झालेले पाच पण परत?

तिसरी_पाळी
ताई, बाराचे बारा परत चालवलेत तरी पाचेक हजार एसयू. मैत्रिणीला कळणार पण नाही. फक्त आत्ता चालू असलेले आणि रांगेतले एसकॅन्सलने मारून मग लावा, नाहीतर तेही पूर्ण होईपर्यंत खात बसतील.

वाशिष्ठीकाठ
मारले. नेमलिस्ट बदलून परत लावलेत, चार नोड # दाखवतायत.